वाऱ्याचे उसने चुंबकत्व

श्रोतेहो, वारा म्हणजे काय चीज आहे हे खानदेशातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. चैत्र-वैशाखात तापीकाठच्या केळीच्या बागेत गरम वारा शिरला की पानांच्या चिंध्या होतात. म्हणून रावेर-यावलकडचा शेतकरी बागेच्या कडेने शेवरी लावतो. शेवरीने वाऱ्याचा मार सोसायचा आणि केळीने तिच्या आडोशाला वाढायचे, असा तो व्यवहार. आज मला ज्या वाऱ्यासंबंधी आपल्याशी बोलायचे आहे तो मात्र झाडाचे पानही हलवत नाही. तो सूर्यावरून निघतो आणि रात्रंदिवस सर्व ग्रहांवरून वाहत जातो. शास्त्रज्ञ त्याला सौरवात म्हणतात. आपण साधे सौर वारा म्हणू. त्या वाऱ्यापुढे आपल्या पृथ्वीला एक शेवरी आहे, ती म्हणजे पृथ्वीचे चुंबकत्व. शुक्राला ती नाही. मंगळाला एके काळी होती, आता नाही. मग या बिनशेवरीच्या ग्रहांचे काय होते? उत्तर असे चमत्कारिक आहे की तो वाराच त्यांच्याभोवती चुंबकत्वाचा आडोसा उभा करतो. हे कसे घडते आणि माणसाला ते कसे कळले, याची ही हकिगत आहे. तिचा बराचसा भाग आपल्याच मुलखात घडलेला आहे.

आकाशाचा विषय खानदेशाला परका नाही. चाळीसगावजवळच्या पाटण गावी शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिले, असे त्यात कोरलेले आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांच्या गोलाध्यायात पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख येतो, हे आपण ऐकलेच असेल. येथे शिक्षकबंधूंना एक विनंती. वर्गात मुले हटकून गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व यांची गल्लत करतात. गुरुत्व सर्व वस्तूंना ओढते, चुंबकत्वाचे तसे नाही. शुक्राचेच पाहा ना! त्याचे गुरुत्व आपल्या पृथ्वीच्या नऊ-दशांश आहे, पण स्वतःचे चुंबकत्व म्हणाल तर जवळजवळ शून्य. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या तरच पुढचे सारे नीट कळेल.

आता आपण मुंबईला जाऊ. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधली, ती मुख्यतः जहाजांना वेळ कळावी आणि आकाशाचे वेध घेता यावेत म्हणून. १८४१ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी सुरू झाली. बाळशास्त्री जांभेकरांचा या वेधशाळेशी संबंध होता. पण मला विशेष सांगायचे आहे ते केरो लक्ष्मण छत्रे यांच्याविषयी. केरूनाना मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. अगदी कोवळ्या वयात ते कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला लागले आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिले. पुढे ते ग्रहसाधनाची कोष्टके लिहिणारे गणिती आणि लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून प्रसिद्धीस आले. वेधशाळेतले त्यांचे ते दिवस मात्र फारसे कुणी सांगत नाही.

काम तरी कसे होते? आज यंत्र आपोआप आकडे टिपते. त्या काळी चुंबकाची कांडी दोऱ्याने टांगलेली असे. ती केसभर हलली तरी ते हलणे माणसाने डोळ्यांनी वाचून वहीत उतरवायचे. दिवसा, रात्री, पावसाळ्यात, सणासुदीला, तासातासाला हे चाले. सुई अस्वस्थ दिसू लागली की त्याहून अधिक वेळा. ती हलते कशाने, हे वाचणाऱ्याला ठाऊक नसे. त्या वेळी जगात कुणालाच ठाऊक नव्हते! तरी वह्या भरत गेल्या. या कामाइतके नीरस काम दुसरे नसेल, आणि मला तर वाटते याइतके मोलाचेही फार थोडे असेल.

त्या वह्यांचे मोल एका दिवसाने सिद्ध केले. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा गृहस्थ दुर्बिणीतून सूर्यावरचे डाग कागदावर काढत होता. एकाएकी एका डागसमूहावर डोळे दिपवणारा पांढरा झगमगाट त्याला दिसला आणि पाचेक मिनिटांत तो विझला. त्यानंतर अठरा तासही उलटले नाहीत तोच पृथ्वीवरच्या चुंबकसुया बेभान झाल्या. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. एरवी ध्रुवाकडच्या लोकांनाच दिसणारा आकाशातला रंगीत प्रकाश कितीतरी दक्षिणेकडे दिसला. त्या वेळी कुलाब्याला २ सप्टेंबरची सकाळ होती. तेथल्या वहीत जे आकडे उतरले त्यांवरून दिसते की आडवे चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेले होते. नॅनोटेस्ला हे फार बारीक माप आहे. पृथ्वीचे संपूर्ण क्षेत्र आपल्या भागात ४०,००० नॅनोटेस्लांहून थोडे जास्त भरते. म्हणजे शंभरातले चार भाग एका सकाळीत गेले. ऐकायला हे थोडे वाटते, पण इतके मोठे चुंबकी वादळ त्यानंतर नोंदले गेल्याचे दिसत नाही. २००३ साली अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून कुलाब्याचे हे जुने आकडे पुन्हा तपासून प्रसिद्ध केले. तेव्हापासून १८५९ च्या त्या वादळाविषयी जगात कुठेही लिहायचे झाले तर मुंबईच्या वहीचे नाव घ्यावेच लागते.

आता हिशेब करा. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर. सतरा-अठरा तासांत हे अंतर कापायचे तर सेकंदाला २,३०० किलोमीटरहून अधिक वेग हवा. प्रकाशाला हे अंतर कापायला सव्वाआठ मिनिटे लागतात, तेव्हा सुया हलवणारी ती वस्तू प्रकाश नव्हे. काहीतरी वजनदार, प्रकाशापेक्षा सावकाश चालणारे असे सूर्यावरून येऊन पोचले होते. ते काय, हे कळायला शंभर वर्षे जावी लागली.

मध्यंतरी कुलाब्याच्या वेधशाळेवर एक संकट आले. मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेची ट्राम चालली की रुळांतून आणि जमिनीतून वीज वाहते, आणि तेथे सुई खरे सांगेल ही आशाच सोडावी. त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस, त्या जागेवरचे पहिले भारतीय. त्यांनी अलिबागेस नवी वेधशाळा उभी केली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी करून त्यांनी जुन्या आकड्यांची नव्या आकड्यांशी सांगड घातली, म्हणजे साखळी तुटायला नको. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली तेव्हा सुया केव्हाच खाडीपलीकडे गेल्या होत्या. १८४६ ते १९०५ पर्यंतच्या मोजण्यांचा त्यांचा ग्रंथ १९१० साली दोन खंडांत निघाला. केरूनानांच्या नागावच्या शेजारीच ही वेधशाळा जाऊन बसली, हा नुसता योगायोग. पण सांगण्यासारखा खरा.

अलिबागच्या इमारतीसंबंधी एक गंमत आहे. कोकणात काळ्या दगडाला काय तोटा? तरी वेधशाळेसाठी दगड आणला पोरबंदरहून. कारण आपला काळा पाषाण स्वतःच थोडासा चुंबक असतो. त्याच्यात लोखंडाच्या संयुगांचे बारीक कण असतात, आणि अशा भिंतींच्या घरात सुई टांगली तर ती भिंतींकडेच ओढ घेईल. ही गोष्ट लक्षात ठेवा. मंगळावर गेल्यावर आपल्याला तिचा उपयोग आहे.

बरे, मग सूर्यावरून येणारी ती वजनदार वस्तू कोणती? पहिला सुगावा धूमकेतूंनी दिला. धूमकेतूचे शेपूट सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते हे फार जुने निरीक्षण आहे. १९९७ साली हेल-बॉप धूमकेतू कित्येक आठवडे संध्याकाळी दिसत होता, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याला दोन शेपट्या होत्या. एक पिवळट पांढरी आणि वाकडी, ती धुळीची. दुसरी निळसर आणि सरळ, ती वायूची. लुडविग बियरमान या जर्मन शास्त्रज्ञाने १९५१ साली असे मांडले की वायूची ही शेपटी इतकी सरळ आणि इतक्या वेगाने मागे फेकली जाते ती केवळ उजेडाच्या दाबाने शक्य नाही. सूर्यातून कणांचा झोत सतत बाहेर पडत असला पाहिजे. चुलीजवळ उभे राहिलात तर धूर कुठे जातो यावरून वाऱ्याची दिशा कळते, तसेच हे.

१९५८ साली यूजीन पार्कर या एकतीस वर्षांच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने गणिताने दाखवले की सूर्याचे बाह्य वातावरण इतके तप्त आहे की ते जागच्या जागी राहूच शकत नाही. ते सतत बाहेर पसरणार, आणि सेकंदाला शेकडो किलोमीटरच्या वेगाने वाहणार. ‘सौर वारा’ हे नाव त्यानेच रूढ केले. त्याचा निबंध ज्या नियतकालिकाकडे गेला, तेथे दोन परीक्षकांनी तो नापास केला. संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांना स्वतःलाही ही कल्पना पटलेली नव्हती. पण परीक्षकांपैकी कुणीही गणितातली एक चूक दाखवलेली नाही, एवढे पाहून त्यांनी निबंध छापला. स्वतःला न पटणारी गोष्ट केवळ तिच्यात दोष सापडत नाही म्हणून छापणारे संपादक किती असतात, याचा विचार आपणच करावा.

चारच वर्षांत निकाल लागला. रशियाच्या लूना यानांना १९५९ मध्ये या वाऱ्याची चाहूल लागली होती. १९६२ साली अमेरिकेचे मरीनर-२ हे यान शुक्राकडे निघाले आणि वाटेतले साडेतीन महिने त्याला हा वारा अखंड लागत राहिला. वेग सेकंदाला तीनशे ते आठशे किलोमीटर. विरळ मात्र इतका की पृथ्वीजवळ एखाद्या बोराएवढ्या जागेत त्याचे पाचदहाच कण मिळतील. नेहमीच्या ४०० किलोमीटरच्या वेगाने निघालेला वारा आपल्यापर्यंत चार दिवसांहून थोड्या अधिक वेळात पोचतो. १४ डिसेंबर १९६२ रोजी हेच यान शुक्रापासून सुमारे ३५,००० किलोमीटरवरून गेले, आणि त्याच्यावरच्या चुंबकमापकाला शुक्राचे म्हणून काही क्षेत्र आढळलेच नाही. पृथ्वीजवळून इतक्या अंतराने एखादे यान गेले असते तर ते तिच्या चुंबकी कवचात केव्हाच शिरले असते. आपले कवच सूर्याच्या बाजूलाच साठ हजार किलोमीटरच्या पलीकडे पसरलेले आहे. तर एकाच यानाने दोन बातम्या आणल्या. वारा आहे, ही एक. आणि शुक्राला शेवरी नाही, ही दुसरी.

पृथ्वीच्या पोटात वितळलेले लोखंड सतत ढवळले जाते, त्यातून आपले चुंबकत्व उपजते. शुक्राचे असे का नाही? तो स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस घेतो, म्हणून, असे पूर्वी सरळ सांगून टाकत. आज अनेकांचे मत असे आहे की फिरणे सावकाश असले तरी चालले असते, पण त्याच्या पोटातली उष्णता पुरेशा वेगाने बाहेर पडत नाही, त्यामुळे आत ढवळणेच होत नाही. ते काही असो.

शुक्राजवळ पुढे जी याने गेली त्यांना मात्र काही वेगळेच दिसले. १९६७ साली मरीनर-५ आणि रशियाचे व्हेनेरा-४ गेले. शुक्राच्या पुढ्यात सौर वारा एकाएकी मंदावतो, तापतो आणि बाजूंना वळतो. तापीच्या पुरात पुलाच्या खांबापुढे पाणी जसे फुगून उभे राहते, अगदी तसे. म्हणजे काहीतरी त्याला अडवत होते. १९७८ च्या डिसेंबरात पायोनियर व्हीनस हे यान शुक्राभोवती फिरू लागले आणि १९९२ पर्यंत फिरत राहिले. त्याने या अडवणाऱ्याचा छडा लावला.

आता यातली मेख समजून घेऊ. येथे जरा सावकाश जायला हवे.

शुक्राला चुंबकत्व नसले तरी हवा आहे, आणि ती भरपूर आहे. या हवेच्या अगदी वरच्या विरळ थरावर सूर्याचे अतिनील किरण पडतात. ते अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करतात, आणि असे सुटे इलेक्ट्रॉन असलेला थर विजेचा वाहक बनतो. असा थर आपल्याही डोक्यावर आहे, त्याला आयनांबर म्हणतात. आकाशवाणीच्या श्रोत्यांना तो परका नाही. रात्री रेडिओची खुंटी फिरवताना दूरदूरची केंद्रे लागतात, पूर्वी खेड्यापाड्यांत रेडिओ सिलोन लागायचे, ते या आयनांबरावर लहरी वळून परत खाली येतात म्हणून.

दुसरी गोष्ट फॅरेडेची. १८३१ साली त्याने दाखवले की वाहकाजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की वाहकात वीज वाहू लागते. त्या विजेचा स्वभाव मोठा हट्टी असतो. ती स्वतःचे असे क्षेत्र उभे करते की जे त्या बदलाला विरोध करील. शाळेत हे दाखवायला खर्च फारसा येत नाही. हातभर लांबीची तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची नळी घ्या. तिच्यातून एक खडा सोडा, तो टप्पकन खाली पडेल. मग तेवढाच एक जोरकस चुंबक सोडा. तांबे काही चुंबकाला ओढून घेत नाही, तरी चुंबक असा सावकाश उतरतो की जणू नळीत मध भरला आहे. मुलांनी एकदा हे पाहिले की विसरत नाहीत. घरातल्या विजेच्या जुन्या मीटरमध्ये एक चकती फिरत असे. तिला आवर घालायला चुंबक बसवलेला असे, तोही याच तत्त्वावर.

तिसरी गोष्ट अशी की सौर वारा रिकाम्या हाताने येत नाही. तो येताना सूर्याचे थोडे चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन येतो. विद्युत्‌भारित कणांच्या अशा वाऱ्यात चुंबकाच्या रेषा गोठल्यासारख्या अडकलेल्या असतात. वारा जाईल तिकडे त्या जातात. त्यांचे बळ फार नाही. पृथ्वीजवळ ते पाचेक नॅनोटेस्ला, शुक्राजवळ साधारण दहा.

आता या तिन्हींची भेट घडवा. चुंबकाच्या रेषा घेऊन वारा शुक्राच्या आयनांबरावर येऊन थडकतो. आयनांबराच्या दृष्टीने हे बदलते चुंबकीय क्षेत्र झाले. लगेच त्याच्यात विजेचे प्रवाह सुरू होतात आणि ते बाहेरच्या रेषांना आत येऊ देत नाहीत. आत शिरता येत नाही आणि मागून तर आणखी रेषा येतच आहेत. तेव्हा दिवसाच्या बाजूला रेषांची दाटी होते. दहा नॅनोटेस्लांचे क्षेत्र तेथे कित्येक दहांवर, कधी शंभरावरही जाते. पृथ्वीच्या क्षेत्रापुढे ते किरकोळच, पण विरळ वाऱ्याला थोपवून बाजूला वळवायला तेवढे पुरते. ज्या वाऱ्यापासून रक्षण व्हायचे, त्यानेच आणलेल्या सामानाचा हा बांध.

रेषा अडकतात त्या समोर. पण त्यांची दोन्ही टोके तर ग्रहापासून दूर, वाहत्या वाऱ्यातच असतात. ती टोके पुढे निघून जातात. दोरीवर वाळत घातलेले लुगडे वाऱ्याने सुटून बाभळीच्या खोडावर आदळले म्हणजे काय होते ते आठवा. मधला भाग खोडाला ताणून चिकटतो आणि दोन्ही पदर मागे फडफडत राहतात. शुक्रामागे अशीच लांब चुंबकी शेपटी तयार होते. लुगड्याचा एकच धागा बोटाने धरून गेलात तर एका पदरात तो खोडाकडे येतो आणि दुसऱ्या पदरात खोडापासून दूर जातो. शुक्राच्या शेपटीतही नेमके हेच आढळले. एका अंगाला क्षेत्र सूर्याकडे तोंड करून, दुसऱ्या अंगाला सूर्याकडे पाठ करून. यानाने हे मोजले तेव्हा लुगड्याचे चित्र खरे ठरले. ही कल्पना मूळ स्वीडनच्या हान्नेस आल्फवेन यांनी १९५७ साली धूमकेतूंच्या शेपटीसाठी मांडली होती, आणि १९८५ व १९८६ साली धूमकेतूंजवळ गेलेल्या यानांना तेथेही ती खरी आढळली. शुक्राच्या शेपटीतले कण तर १९९६ साली चार कोटी किलोमीटरहून दूर, पृथ्वीच्या बाजूला असलेल्या एका यानाला लागले होते.

तेव्हा ‘सौर वारा चुंबकत्व निर्माण करतो’ असे जे म्हणतात, ते थोडे सैल बोलणे आहे. वारा सूर्याचे क्षेत्र उसने आणतो, आयनांबरातली वीज ते अडवून धरते, आणि दोहोंच्या ओढाताणीत ग्रहाभोवती कवच उभे राहते. आपल्या घरचे आणि उसने यांत जो फरक, तोच येथे आहे. पृथ्वीच्या चुंबकाची उत्तर-दक्षिण आज आहे तशी उद्याही राहील. शुक्राचे तसे नाही. वाऱ्यातल्या क्षेत्राची दिशा पालटली की शुक्राच्या शेपटीची उजवी-डावी पालटते. आपले कवच साठ हजार किलोमीटरवर वाऱ्याला थांबवते. शुक्राचे कवच म्हणजे अंगावरची चादर, पुढच्या बाजूला जमिनीपासून दोन-तीन हजार किलोमीटरवरच वाऱ्याला धक्का बसतो आणि आयनांबराची कड तर काही शेकड्यांवर आलेली असते.

हवा नसेल तर उसनेही मिळत नाही. चंद्राला हवा नाही, आयनांबर नाही. वारा सरळ मातीवर आदळतो. पण २००८ साली गेलेल्या आपल्या चांद्रयान-१ वर ‘सारा’ नावाचे उपकरण होते, स्वीडन आणि तिरुवनंतपुरमच्या शास्त्रज्ञांनी मिळून केलेले. त्याने दाखवले की आदळणाऱ्या कणांपैकी पाचातला एकपर्यंत कण हायड्रोजनचा अणू होऊन परत उसळतो. चंद्रावर जेथे खडकच थोडे चुंबकी आहेत तेथे तर वारा किंचित वळतो आणि छोटेसे कवच तयार होते, हेही त्याच उपकरणाने टिपले.

चुंबकी खडक म्हटले की आपल्याला घरी यावे लागते. सातमाळ्याचा डोंगर घ्या की सातपुड्याकडची पठारे घ्या, सारा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस होऊन पसरलेला आहे. धुळे-नंदुरबार भागात जमिनीतून सरळ वर आलेल्या दगडी भिंतीसारख्या रांगा मैलोगणती दिसतात, त्या याच लाव्हारसाच्या भेगांतून थिजलेल्या. असा खडक थंड होताना त्याच्यातले लोहकण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतात आणि मग कोट्यवधी वर्षे सोडत नाहीत. १९५० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी, आणि त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी, दख्खनच्या खडकांची ही स्मृती वाचली. त्यांतला मोठा भाग उलटा निघाला, म्हणजे तो लाव्हारस थिजला तेव्हा होकायंत्राची उत्तर टोकाची सुई दक्षिणेकडे वळली असती. शिवाय भारत त्या वेळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, याचाही पुरावा त्याच खडकांनी दिला. आपल्या बांधावरचा धोंडा एवढे सांगतो!

मंगळाचे असेच झाले. १९९७ साली मार्स ग्लोबल सर्व्हेयर हे यान तेथे पोचले. मंगळाला आज सबंध ग्रहाचे असे क्षेत्र नाही, पण त्याच्या दक्षिण भागातले जुने खडक भलतेच चुंबकी आहेत, असे त्याला दिसले. म्हणजे काही अब्ज वर्षांपूर्वी मंगळाच्या पोटातही ढवळणे चालू होते, खडकांनी ते धरून ठेवले, मग आतले यंत्र बंद पडले. त्यामुळे मंगळाचे आजचे कवच ठिगळांचे आहे. बहुतेक ठिकाणी शुक्रासारखे उसने आणि मधूनमधून खडकांचे घरचे.

सप्टेंबर २०१४ मध्ये दोन याने दोन दिवसांच्या अंतराने मंगळाभोवती गेली. आधी अमेरिकेचे मॅव्हेन, मग २४ तारखेला आपले मंगळयान. मंगळयानावर चुंबकमापक नव्हता, पण तेथल्या वरच्या विरळ हवेत कोणते वायू आहेत हे तपासणारे उपकरण होते, आणि ते यान २०२२ पर्यंत टिकले. मॅव्हेनने मोजले की मंगळाची हवा सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम या हिशेबाने अवकाशात निसटते. दिवसाला साडेआठ टनांवर गेले, म्हणजे जवळजवळ एका मालमोटारीचे ओझे. सूर्यावर वादळ असले की ते वाढते. अब्जावधी वर्षे हे चालले आहे, आणि ज्या नद्यांची कोरडी पात्रे आज मंगळावर दिसतात त्यांचे पाणी टिकायला लागणारी हवा बहुतांशी अशीच गेली.

याच यानाने २०२२ च्या डिसेंबरात एक अपूर्व प्रसंग पाहिला. मंगळाजवळचा सौर वारा एकाएकी शंभरपट विरळ झाला, म्हणजे जवळजवळ पडलाच म्हणा. लागलीच मंगळाचे कवच आणि आयनांबर फुगून हजारो किलोमीटर बाहेर सरकले. वारा परत आला तसे ते पुन्हा दबले. घट्ट बांधलेली चादर सैल सोडावी आणि पुन्हा आवळावी, असा तो प्रकार झाला.

आता एक वादाची गोष्ट, आणि ती शिक्षकांनी मुद्दाम ऐकावी. ‘चुंबकीय कवच नाही म्हणून मंगळाची हवा गेली’ असे सरसकट शिकवले जाते. हे वाक्य मला अपुरे वाटते. शुक्राला तर कधी काळी कवच होते की नाही याचाही पुरावा नाही, तरी त्याच्या जमिनीवरचा हवेचा दाब आपल्या नव्वदपट आहे. त्याची हवाही गळते, पण त्याचे गुरुत्व मोठे आणि साठा अफाट. उलट पृथ्वीला भक्कम कवच असूनही तिच्या ध्रुवांकडून हवेचे कण रोज टनांच्या हिशेबाने निसटतात; कारण मोठे कवच म्हणजे वाऱ्याला धरायला मोठे शीडही होते. कवच राखते जास्त की गमावते जास्त, यावर शास्त्रज्ञांत आज खरोखर मतभेद आहेत. मंगळाच्या बाबतीत त्याचे लहान असणे, त्याचे दुबळे गुरुत्व, हे कारण विसरून चालणार नाही. मुलांनी परीक्षेत पुस्तकातले वाक्य लिहावे, हरकत नाही. पण एखाद्याने उठून ‘मग गुरुजी, शुक्राचे काय?’ असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नये.

कुलाब्याच्या त्या वादळाला १६४ वर्षे झाली त्याच तारखेला, २ सप्टेंबर २०२३ रोजी, भारताचे आदित्य-एल१ हे यान सूर्याकडे निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचले. तेथे सौर वारा पृथ्वीच्या आधी लागतो. त्याचे कण मोजणारी उपकरणे आणि वाऱ्याबरोबर येणारे क्षेत्र मोजणारा चुंबकमापक त्याच्यावर आहे. दहा मे २०२४ च्या रात्री मोठे चुंबकी वादळ आले तेव्हा लडाखच्या आकाशात तांबूस उजेड दिसला. शुक्राभोवती फिरणारे भारतीय यान पाठवण्याच्या योजनेला केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०२४ रोजी १,२३६ कोटी रुपयांची मंजुरी दिली, आणि ते मार्च २०२८ मध्ये सोडावे असे त्या वेळी ठरले. त्याने करावयाच्या कामांत शुक्राच्या हवेवर सूर्याचा काय परिणाम होतो, हे तपासण्याचे काम आहे.